देशोदेशींच्या बाजारांतील शाश्वत वित्त आणि जबाबदार गुंतवणूक : अभ्यासकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमचा एक छोटा अभ्यासगट आहे. त्यात वाणिज्य आणि अर्थशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी येतात, सीएची आर्टिकलशिप करणारी मुले-मुली येतात, बँकेतून निवृत्त झालेले दोघे-तिघे येतात आणि भोसरीत स्वतःचा कारखाना चालवणारे एक गृहस्थही नेमाने येतात. या मंडळींनी गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहून ठेवली आहेत. कोणता शेअर किंवा फंड घ्यावा याचा सल्ला येथे मिळणार नाही. एका देशाच्या बाजाराची दुसऱ्या देशाच्या बाजाराशी तुलना करताना कागद कोणते वाचावेत आणि कसे वाचावेत, एवढ्यापुरतेच हे टिपण आहे.

शाश्वत वित्त आणि जबाबदार गुंतवणूक हे शब्द एकाच अर्थाने वापरले तर चालेल का?

बोलण्यात चालते, प्रबंधात चालत नाही. शाश्वत वित्ताचा परीघ मोठा आहे. बँकांची कर्जे, सरकारी आणि महापालिकांचे रोखे, विमा, ठेवी असा सगळा पैसा पर्यावरण आणि समाज यांचा विचार करून वळवला जात असेल, तर तो या परिघात येतो. रिझर्व्ह बँकेने १ जून २०२३ पासून लागू केलेली हरित ठेवींची चौकट शाश्वत वित्तात मोडते. जबाबदार गुंतवणूक ही त्यातील गुंतवणूकदाराची बाजू आहे : शेअर निवडताना त्याने काय पाहिले, कशाला नकार दिला आणि भागधारक या नात्याने सर्वसाधारण सभेत कसे मत दिले. संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळाने एप्रिल २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात जाहीर झालेली सहा तत्त्वे, म्हणजेच पीआरआय, याच बाजूची आहेत.

कंपनीचा सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्वाचा) खर्च मोठा असेल, तर तिची ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कारभार यांबाबतची) कामगिरी चांगली समजावी का?

नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. हा खर्च नफा झाल्यानंतरचा आहे. ईएसजीचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे, म्हणजे तो नफा मिळवताना पाणी, वीज, कामगार आणि छोटे पुरवठादार यांच्याशी कंपनी कशी वागली. एखादी कंपनी गावातील शाळेला वर्गखोल्या बांधून देत असेल आणि त्याच गावच्या ओढ्यात प्रक्रिया न केलेले पाणी सोडत असेल, तर पहिल्या गोष्टीने दुसरी पुसली जात नाही. सीएसआरची अशी सक्ती करणारे देश मोजकेच आहेत, त्यामुळे भारतीय कंपनीचा सीएसआर आकडा जर्मन किंवा जपानी कंपनीच्या शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

निरनिराळ्या देशांचे आकडे सरळ एकमेकांसमोर का ठेवता येत नाहीत?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर एका उदाहरणाने देणे मला बरे वाटते. जगातील शाश्वत गुंतवणुकीचा दर दोन वर्षांनी आढावा घेणाऱ्या जागतिक संघटनेच्या अहवालात २०२० साली एकूण रक्कम ३५.३ लाख कोटी डॉलर होती आणि २०२२ साली ती ३०.३ लाख कोटी डॉलर झाली. हे दोन आकडे फळ्यावर लिहिले की पाहणारा बहुधा म्हणतो की, जगाने या विषयाकडे पाठ फिरवली. प्रत्यक्षात अमेरिकेतील आकडा १७.१ वरून ८.४ लाख कोटींवर आला होता, आणि तोही मुख्यत्वे मोजण्याची पद्धत बदलल्यामुळे. ज्या व्यवस्थापकांनी ‘आम्ही ईएसजीचा विचार करतो’ एवढेच मोघम सांगितले होते, पण नेमका कोणता निकष कोणत्या फंडाला लावला हे सांगितले नव्हते, त्यांची रक्कम अमेरिकेतील संस्थेने मोजणे बंद केले. अमेरिका बाजूला ठेवली तर उरलेल्या बाजारांत वाढच झाली होती. युरोपच्या बाबतीतही २०१८ ते २०२० या काळात व्याख्या बदलल्यामुळे अशीच घट दिसली होती.

म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की आकडा वहीत उतरवण्यापूर्वी त्याची व्याख्या उतरवा. कंपनीला हा आकडा कोणी मागितला, कोणासाठी मागितला आणि कोणत्या हद्दीपुरता मागितला, हे तीन रकाने आकड्याच्या आधी असावेत. शाश्वततेच्या अहवालांची मानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयएसएसबी मंडळाची जून २०२३ मधील मानके गुंतवणूकदारासाठी लिहिलेली आहेत. हवामान आणि समाज यांचा कंपनीच्या पैशावर काय परिणाम होईल, हा त्यांचा मुख्य प्रश्न. युरोपीय संघाने त्याच्या जोडीला उलटा प्रश्नही विचारला : कंपनीचा समाजावर आणि निसर्गावर काय परिणाम होतो? पहिल्या पद्धतीत गौण ठरलेली बाब दुसऱ्या पद्धतीत प्रमुख ठरू शकते. अशा वेळी एका कंपनीच्या अहवालात एखादा विषय नाही, याचा अर्थ तिने तो लपवला असा होत नाही.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका भारतीय आणि एका युरोपीय कंपनीच्या पाणीवापराची तुलना करून मी भारतीय कंपनीविषयी कठोर निष्कर्ष काढला होता. नंतर लक्षात आले की एका अहवालात उपसलेले पाणी मोजले होते आणि दुसऱ्यात प्रत्यक्ष खर्ची पडलेले, म्हणजे उपसलेल्या पाण्यातून परत सोडलेले वजा करून उरलेले. शिवाय एकीचे वर्ष एप्रिल ते मार्च होते आणि दुसरीचे जानेवारी ते डिसेंबर. ते टिपण मला मागे घ्यावे लागले, आणि त्या कंपनीविषयी बोललेले शब्द आजही मनाला लागून आहेत.

भारतीय कंपन्यांचा अभ्यास कोणत्या कागदापासून सुरू करावा?

बीआरएसआर, म्हणजेच व्यवसाय उत्तरदायित्व आणि शाश्वतता अहवाल, यापासून करावा. याची वंशावळ थोडी माहीत असावी. २०११ साली केंद्र सरकारने ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०१२ पासून सेबीने सर्वांत मोठ्या १०० सूचिबद्ध कंपन्यांना त्यांवर आधारित अहवाल देणे भाग पाडले. मे २०२१ मध्ये बीआरएसआरचा नमुना आला आणि आर्थिक वर्ष २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० कंपन्यांना तो सक्तीचा झाला. जुलै २०२३ मध्ये त्यातील निवडक मुद्द्यांचा गाभा, बीआरएसआर कोअर, वेगळा काढून त्याची त्रयस्थाकडून पडताळणी करण्याची तरतूद झाली.

अहवाल नऊ तत्त्वांमध्ये विभागलेला असतो. पर्यावरणाचे सहावे तत्त्व सगळेच उघडतात. माझी विनंती अशी की, कोअरमधील तीन गोष्टी आवर्जून पाहाव्यात, कारण परदेशी नमुन्यांत त्या अशा रूपात क्वचितच दिसतात : एकूण खरेदीपैकी सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांकडून केलेल्या खरेदीचा हिस्सा, लहान गावांतील नोकऱ्यांवर दिलेले वेतन आणि पुरवठादारांची देणी चुकती करायला लागणारे दिवस. शेवटचा आकडा पुरवठादाराच्या जिव्हाळ्याचा असतो. बिल मंजूर होऊनही पैसे महिनोन् महिने अडकले की छोट्या कारखानदाराला पगारासाठी ओव्हरड्राफ्टला हात घालावा लागतो. हा आमच्या भोसरीच्या सभासदांचा अनुभव आहे, आणि अहवालातील त्या एका ओळीकडे आम्हां सर्वांचे लक्ष त्यांनीच वेधले.

आंतरराष्ट्रीय तुलना करणाऱ्यासाठी कोअरमध्ये आणखी एक उपयुक्त सोय आहे. ऊर्जा, पाणी आणि उत्सर्जन यांची तीव्रता दर रुपया उलाढालीमागे तर द्यावी लागतेच, शिवाय क्रयशक्तीच्या समानतेनुसार, म्हणजे तेवढ्या पैशात त्या त्या देशात किती वस्तू मिळतात हे धरून, रुपयाचे मूल्य दुरुस्त करूनही द्यावी लागते. बाजारातील दराने एका डॉलरला ऐंशीहून अधिक रुपये पडत असताना क्रयशक्तीच्या हिशेबाने हा आकडा साधारण वीस ते तेवीसच्या घरात येतो. साहजिकच बाजारभावाने रूपांतर केले तर भारतीय कंपनी दर डॉलरमागे कितीतरी जास्त उत्सर्जन करते असे दिसते, आणि क्रयशक्तीने केले तर ही दरी बरीच भरून निघते. कंपनीने कोणता गुणक वापरला, हे तळटिपेत पाहिल्याशिवाय तो रकाना वापरू नये. शक्य तेथे उलाढालीऐवजी प्रतिटन उत्पादनामागचा आकडा घ्यावा. पोलादाच्या टनाला विनिमय दर लागत नाही.

इतर देशांतील नियमांची रूपरेषा थोडक्यात सांगता येईल का?

युरोपीय संघात १० मार्च २०२१ पासून लागू झालेल्या, शाश्वत वित्ताच्या प्रकटीकरणाच्या एसएफडीआर नियमावलीने फंडांना कलम ६ (सर्वसाधारण फंड), ८ (पर्यावरण-समाजाचे गुण पुढे करणारे) आणि ९ (शाश्वत गुंतवणूक हेच उद्दिष्ट असलेले) अशा गटांत माहिती द्यायला लावली. हे गट माहिती देण्यापुरते होते, गुणवत्तेचा शिक्का म्हणून नव्हते. पण विक्रेत्यांनी ते शिक्क्यासारखे वापरले आणि मोठा गोंधळ झाला. पुढे तेथील रोखे नियामकाने फंडाच्या नावात ‘शाश्वत’ किंवा ‘ईएसजी’ असे शब्द असतील तर किमान ८० टक्के गुंतवणूक त्या उद्दिष्टाशी सुसंगत हवी, अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. नव्या फंडांना ती नोव्हेंबर २०२४ पासून लागू झाली. ब्रिटनने हा धडा पाहून सरळ लेबलांचा मार्ग घेतला. तेथे चार ऐच्छिक लेबले आहेत आणि ३१ मे २०२४ पासून ग्रीनवॉशिंगविरोधी, म्हणजे पर्यावरणपूरकतेच्या फसव्या दाव्यांना आळा घालणारा, नियमही लागू आहे.

अमेरिकेचा अभ्यास एक देश म्हणून करताच येत नाही. संघराज्याच्या रोखे आयोगाने ६ मार्च २०२४ रोजी हवामानविषयक माहितीचा नियम मंजूर केला, पुढच्याच महिन्यात त्याला स्वतःहून स्थगिती दिली आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयात त्याची बाजू मांडणे थांबवण्याचा निर्णय घेतला. त्याआधीच कॅलिफोर्नियाने २०२३ साली स्वतःचे प्रकटीकरणाचे कायदे केले होते, तर टेक्ससने २०२१ मध्ये तेल आणि वायू कंपन्यांवर बहिष्कार घालणाऱ्या वित्तसंस्थांविरुद्ध कायदा केला होता. राज्य बदलले की गृहीतक बदलते.

जपानची रीत वेगळी आहे. २०१४ ची गुंतवणूकदारांची आचारसंहिता आणि २०१५ साली पीआरआयवर सही करणारा तेथील अवाढव्य सरकारी पेन्शन निधी, यांनी कंपनीला वगळण्यापेक्षा तिच्याशी बोलत राहण्यावर भर दिला. नॉर्वेच्या तेलाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या निधीने याच्या दुसऱ्या टोकाचे साधनही वापरले आहे : २००४ पासून त्याची नैतिकता परिषद आहे, आणि वगळलेल्या कंपन्यांची यादी कारणांसह जाहीर होते. या कारणांचे कागद विद्यार्थ्यांनी जरूर वाचावेत, कारण पुरावा कसा तोलावा याचा असा वस्तुपाठ सहज मिळत नाही. दक्षिण आफ्रिकेने २०११ मध्ये पेन्शन निधीच्या नियमातच ईएसजीचा विचार समाविष्ट केला. ब्राझीलच्या शेअर बाजारात २००५ पासून शाश्वतता निर्देशांक आहे. विकसनशील देश या विषयात मागून आले, हा समज या दोन उदाहरणांपुढे टिकत नाही.

‘हरित’ कशाला म्हणायचे, हे तरी सर्वत्र एकच आहे का?

तेही नाही. भारत सरकारच्या नोव्हेंबर २०२२ मधील सार्वभौम हरित रोख्यांच्या (पर्यावरणपूरक कामांसाठी सरकारने काढलेल्या कर्जरोख्यांच्या) चौकटीत अणुऊर्जा आणि २५ मेगावॉटहून मोठे जलविद्युत प्रकल्प बसत नाहीत. युरोपीय संघाच्या वर्गीकरणात मात्र अणुऊर्जा आणि नैसर्गिक वायू यांना २०२३ पासून अटींसह जागा आहे. चीनच्या हरित रोख्यांच्या यादीत २०१५ साली ‘स्वच्छ कोळसा’ होता. २०२१ च्या आवृत्तीत तो काढला गेला. म्हणजे २०१८ सालचा एखादा चिनी हरित रोखा आज त्या यादीत बसेलच असे नाही, आणि जुन्या माहितीसाठ्यावर काम करणाऱ्याने रोख्याच्या तारखेची आवृत्ती शोधली पाहिजे.

पुण्याजवळचे एखादे उदाहरण अभ्यासाला घेता येईल का?

अवश्य, आणि चांगले आहे. पुणे महानगरपालिकेने जून २०१७ मध्ये चोवीस तास पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे रोखे ७.५९ टक्के व्याजाने विकले आणि ते मुंबई शेअर बाजारात नोंदले गेले. अशा रोख्यांसाठी केंद्राकडून दर १०० कोटींमागे १३ कोटी रुपयांचे प्रोत्साहन होते, त्यामुळे पालिकेला पडलेला खरा खर्च जाहीर व्याजदरापेक्षा कमी होता. तुलना करताना ही रक्कम विसरू नये. या रोख्यांवर ‘हरित’ असा शिक्का नव्हता. शेजारच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२५ मध्ये काढलेल्या २०० कोटींच्या रोख्यांवर तो आहे, आणि तो पैसा पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी रस्ते सुधारण्याच्या कामाशी जोडलेला आहे. देशात असा शिक्का लावणारी पहिली महापालिका गाझियाबाद. तिने २०२१ मध्ये १५० कोटी उभे केले.

येथे विद्यार्थ्याला खरा प्रश्न सापडतो. गळती थांबवून पाणी मोजून देणाऱ्या योजनेचा रोखा शिक्क्याविना, आणि रस्त्याचा रोखा शिक्क्यासह, तर गुंतवणूकदाराने किंमत कशाची दिली? शिक्क्यामुळे दरवर्षी निधीच्या वापराचा आणि परिणामाचा अहवाल देण्याचे बंधन येते, आणि माझ्या मते त्याचे खरे मोल तेथेच आहे. आमच्या गटातील एका विद्यार्थिनीने याचा शोध आपल्या सोसायटीच्या फाटकापासून सुरू केला. तेथे बसवलेल्या पाण्याच्या मीटरचे वाचन ती रोज सकाळी वहीत लिहीत असे. रोख्याच्या माहितीपत्रकातील ‘मापन’ या शब्दाचा अर्थ तिला त्या वहीमुळे कळला.

ईएसजी रेटिंगवर किती विसंबावे?

फार कमी. बर्ग, कोल्बेल आणि रिगोबॉन यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात कंपन्यांना ईएसजीचे गुण देणाऱ्या सहा संस्थांच्या रेटिंगचा परस्परसंबंध सरासरी ०.५४ निघाला (पूर्ण एकमत असते तर तो १ असता). पतमानांकनात, म्हणजे कर्ज फेडण्याच्या कुवतीच्या रेटिंगमध्ये, हाच आकडा ०.९ च्याही वर असतो. मतभेदाचे सर्वांत मोठे कारण, सुमारे ५६ टक्के, हे एकच गुण निरनिराळ्या मापांनी मोजणे हे होते. काय मोजायचे याविषयीचे मतभेद ३८ टक्के आणि कशाला किती वजन द्यायचे याविषयीचे केवळ ६ टक्के. यासाठी एकाच संस्थेच्या रेटिंगवर प्रबंधाचा निष्कर्ष उभा करू नये. भारतात २०२३ पासून अशा संस्थांना सेबीकडे नोंदणी करावी लागते, त्यामुळे त्यांची पद्धत तरी वाचायला मिळते.

लघुउद्योजकाचा या सगळ्याशी काय संबंध?

भोसरीच्या ज्या सभासदांचा उल्लेख वर आला, त्यांना एका जर्मन ग्राहकाकडून प्रश्नावली आली होती. १ जानेवारी २०२३ पासून तेथील मोठ्या कंपन्यांना पुरवठासाखळीतील मानवी हक्कांच्या आणि काही पर्यावरणीय जोखमी तपासाव्या लागतात, आणि अशा कंपन्या उत्सर्जनाचा तपशीलही मागतात. आम्ही सर्वांनी मिळून त्यांच्या टेबलावर महावितरणची बारा महिन्यांची बिले आणि जनरेटरच्या डिझेलच्या पावत्या मांडल्या. हिशेब अवघड नाही. आपल्या ग्रिडमधील एका युनिटमागे ढोबळमानाने ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, आणि एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो. महिन्याला ४०,००० युनिट आणि ३०० लिटर डिझेल लागत असेल, तर विजेचे २८ टन आणि डिझेलचे जेमतेम ०.८ टन होतात. धूर दिसतो तो जनरेटरचा, पण भार विजेचा, हे त्यांनी त्या दिवशी स्वतः पेन्सिलने मांडून पाहिले आणि पुढच्या महिन्यात छतावरील सौरऊर्जेची चौकशी केली.

संशोधकासाठी यातील मुद्दा असा की, युरोपीय कंपनीच्या अहवालातील पुरवठासाखळीचा मोठा आकडा अशाच टेबलांवर जन्माला येतो. कित्येक ठिकाणी बिले न पाहता उद्योगाची सरासरी घालून तो भरलेला असतो. त्यामुळे अंदाज किती आणि प्रत्यक्ष मोजणी किती, हे कंपनीने सांगितले आहे का, ते पाहावे.

जबाबदार गुंतवणुकीत परतावा कमी मिळतो का?

फ्रीडे, बुश आणि बासेन यांनी २०१५ मध्ये दोन हजारांहून अधिक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा सुमारे ९० टक्के अभ्यासांत ईएसजी आणि आर्थिक कामगिरी यांचा संबंध नकारात्मक नव्हता. ‘नकारात्मक नव्हता’ याला ‘फायदा झाला’ असे वाचू नये. उलट बाजूने हाँग आणि काक्परचिक यांनी २००९ मध्ये दाखवले की, दारू, तंबाखू आणि जुगार यांचे शेअर अमेरिकेत अधिक परतावा देत आले, कारण मोठे गुंतवणूकदार ते टाळतात आणि ते स्वस्त राहतात. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. देश, काळ आणि धोरण ठरवल्याशिवाय हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

नियम सतत बदलत असताना अभ्यास ताजा कसा ठेवावा?

प्रत्येक कागदावर आपण तो कधी उतरवून घेतला ती तारीख लिहावी आणि जुनी आवृत्ती फेकू नये. युरोपीय संघाने कंपन्यांच्या शाश्वतता अहवालाचा निर्देश २०२३ मध्ये लागू केला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो सौम्य करण्याचा प्रस्ताव मांडला. सेबीनेही मार्च २०२५ मध्ये कोअरच्या पडताळणीत ‘अ‍ॅश्युरन्स’च्या (लेखापरीक्षणासारख्या हमीच्या) जोडीला ‘असेसमेंट’चा (मूल्यांकनाचा) पर्याय दिला आणि मूल्यसाखळीची, म्हणजे पुरवठादार आणि ग्राहक यांची, माहिती ऐच्छिक केली. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने मे २०२५ मध्ये हवामान वित्ताच्या वर्गीकरणाचा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा आम्ही तो छापून घेतला आणि समासात पेन्सिलने आमच्या शंका लिहिल्या. ती प्रत फायलीत तशीच आहे. अंतिम आवृत्ती आली की, तिच्या शेजारी ठेवून ओळीने ओळ ताडून पाहायची आहे.